कॉन्चेर्टो निवडण्याबाबत

लिफ्ट-निरीक्षकांनी आयुष्यात स्वतः असं काही निवडलेलं नव्हतं. नोकरी वडिलांनी निवडली, बायको आत्याने. फ्लॅट बायकोने निवडला, पडदे मेहुणीने, आणि चष्म्याची फ्रेम दुकानदाराने, ‘तुमच्या नाकाला हीच’ असं सांगून. पियानो तेवढा आपण निवडला असं ते सगळ्यांना सांगत, पण त्यातही अर्धाच खरेपणा होता. त्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली, नव्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये साहेबांचा पियानो मावेना, आणि निरीक्षकांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. पियानो त्यांच्याकडे आला तो असा. आल्यावर त्याच्याकडे नुसतं बघत बसणं बरं दिसेना, म्हणून ते शिकायला लागले.

त्यामुळे इतक्या वर्षांनी एका संध्याकाळी पियानोच्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “आता एखादा कॉन्चेर्टो घ्या. कुठला, ते तुम्ही निवडा,” तेव्हा निरीक्षकांना आनंद व्हायच्या आधी घाम फुटला.

ज्यांचा या गोष्टीशी कधी संबंध आलेला नाही अशा सुखी माणसांसाठी सांगायला हवं. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा पियानोवाला, दुसऱ्या बाजूला चाळीस-पन्नास जणांचा ऑर्केस्ट्रा, आणि दोघांमध्ये तीन भागांत चाललेला सभ्य वाद. पहिला भाग मोठा, दुसरा हळू, तिसरा पळापळीचा. शेवटी दोन्ही पक्ष आपलंच खरं झालं अशा चेहऱ्याने उठून वाकतात आणि लोक टाळ्या वाजवतात. कोण जिंकलं ते कुणी विचारत नाही.

“मला झेपेल?” निरीक्षकांनी विचारलं.

“ते मी बघते. तुम्ही निवडा. या वर्षी डॉक्टरांच्या ऑर्केस्ट्राला माझ्याकडून एक नाव द्यायचंय. तुमचं देईन म्हणते.”

निरीक्षक स्टुलावर ताठ झाले. शहरातल्या डॉक्टर मंडळींनी हौसेने चालवलेला तो ऑर्केस्ट्रा दर वर्षी बाईंच्या एका विद्यार्थ्याला आपल्याबरोबर वाजवायला बोलवत असे. निरीक्षकांच्या वाट्याला आजवर फक्त बाईंच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम आला होता. त्यात विद्यार्थ्यांना उंचीप्रमाणे उभं करत. निरीक्षक रांगेत शेवटी असत आणि त्यांच्या पुढचं मूल त्यांच्या पोटाशी येई. त्यांचं वाजवून झालं की टाळ्या पडत त्या ‘या वयात’ अशा प्रकारच्या. एकदा एका पालकांनी त्यांना बिस्किटांचा पुडाही दिला होता, इतर मुलांना दिला तसाच. त्यांना एकदा, फक्त एकदा, मोठ्या माणसांबरोबर वाजवायचं होतं.

“महिनाअखेरीस त्यांची तालीम आहे,” बाई म्हणाल्या. “तिथे पहिली दोन पानं वाजवून दाखवायची. तोवर तुमचं ठरलं नाही तर मग मी दोन वेण्यांवालीला पाठवीन.”

दोन वेण्यांवाली म्हणजे बाईंची अकरा वर्षांची विद्यार्थिनी.

“तिचं ठरलं?”

“मी विचारलं तेव्हाच ठरलं. म्हणाली, मला तो आवडतो.”

इतक्या महत्त्वाच्या निर्णयाला एवढंच कारण पुरतं, हे निरीक्षकांना मुळीच पटलं नाही. लिफ्ट पास करतानासुद्धा ते असं करत नसत.

बाईंच्या भिंतीवर तीन संगीतकारांच्या तसबिरी होत्या. त्यांची परदेशी नावं मुलांना म्हणता येत नसत, म्हणून बाईंनी त्यांना विगवाले, विस्कटलेले आणि दाढीवाले अशी आदरार्थी नावं पाडली होती, आणि त्याच नावांनी ते तिघे क्लासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

“विगवाल्यांचा घ्या,” बाई म्हणाल्या. “बोटांना जमेल.”

“मुलं वाजवतात तो?”

“मुलं वाजवतात. पण त्यात लपायला जागा नाही हो. चुकलं की पांढऱ्या शर्टावर शाई.”

“आणि दाढीवाल्यांचा?”

“त्यांचा हात बघा.”

निरीक्षकांनी तसबिरीत निरखून पाहिलं. “हात कोटाच्या खिशात आहे.”

“मग खिसा बघा,” बाई म्हणाल्या.

खिसा खरोखरच पिशवीएवढा होता.

घरी येऊन निरीक्षकांनी आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. ऑफिसची पोलादी टेप काढून आधी स्वतःचा पंजा मोजला, ताणून आणि न ताणता. मग तिन्ही कॉन्चेर्टोंची कमाल भारक्षमता, अचानक थांबण्याचे प्रसंग आणि वर-खाली जाण्याचा वेग यांचा अंदाज घेतला. दाढीवाल्यांचा कॉन्चेर्टो या हिशोबात ताबडतोब सील करण्याच्या लायकीचा निघाला. त्यामुळे तर त्यांना तोच हवाहवासा वाटायला लागला.

बायको डायनिंग टेबलावर मटार सोलत होती. “काय मोजताय?”

“हात.”

“वाढला का?”

“अगं, कॉन्चेर्टो निवडायचाय. तुला काय वाटतं, कुठला घेऊ?”

“जो संपेल तो घ्या,” बायको म्हणाली. “मागचं ते काय होतं, ते चार वर्षं चाललं. त्या अमुक जागी तुम्ही अडखळता ना, तिथे आता माझा हातपण अडखळतो. परवा विळीवर बोट जाता जाता राहिलं.”

हे अपमानास्पद होतं, पण खोटं नव्हतं. खाली तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त प्राचार्यांची तर त्याच्यापुढे मजल गेली होती. निरीक्षकांचा तो तुकडा त्यांच्या छतातून चार वर्षं त्यांच्या कानावर पडला होता. एकदा रेडिओवर तोच तुकडा कुणा जगप्रसिद्ध माणसाने वाजवला, तेव्हा प्राचार्यांनी रेडिओ केंद्राला कळवलं की वादक चांगले आहेत, पण मधल्या एका ठिकाणी थांबायला विसरतात.

कॉन्चेर्टोची बातमी बायकोने वरच्या वहिनींना सांगितली, आणि वहिनींनी ती जिन्यावरून खाली जाता जाता सगळ्या मजल्यांना वाटली. परिणाम असा झाला की रविवारी सकाळी इमारतीच्या समितीची बैठक पार्किंगमध्ये भरली. अध्यक्षांचं नळ-शॉवरचं दुकान होतं आणि ते कुठल्याही प्रश्नाकडे गळती म्हणूनच बघत.

“किती दिवस चालेल हे?” अध्यक्षांनी सुरुवात केली.

“दिवस नाही हो,” निरीक्षक म्हणाले. “दीड-दोन वर्षं तरी.”

कुणाच्या तरी स्कूटरचं स्टँड आपोआप पडलं.

“आणि कुठला घेणार ते कोण ठरवणार?” प्राचार्यांनी विचारलं.

“मी.”

“ते कसं काय?”

“म्हणजे? वाजवणार मी.”

“तुम्ही नुसते वाजवणार,” प्राचार्य म्हणाले. “ऐकायचं आम्हाला आहे. दोन वर्षं. तुम्ही मधे ऑफिसला तरी जाता. माझं काय? मी निवृत्त आहे.”

या युक्तिवादातली चूक निरीक्षकांना सापडेना. ती त्यांना नंतर, अंघोळ करताना सापडली, पण तेव्हा उपयोग नव्हता.

खरं तर मंडळी नरमाईनेच घेणार होती. इमारतीच्या लिफ्टचं प्रमाणपत्र लवकरच संपणार होतं आणि त्यावर निरीक्षकांची सही लागणार होती. आपण घर आणि खातं यांची गल्लत करणाऱ्यांतले नाही, हे निरीक्षकांनी बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट केलं. त्यामुळे मंडळींचा धीर वाढला आणि ती नरमाई तिथेच संपली.

अध्यक्षांनी दुकानातला स्पीकर आणला होता. तिन्ही कॉन्चेर्टो थोडे थोडे ऐकवण्यात आले. विगवाल्यांचा पहिला भाग प्राचार्यांना आवडला, कारण त्यात ‘कुणी कुणावर ओरडत नाही’. वरच्या वहिनींना विस्कटलेल्यांचा हळू भाग हवा होता, बाळाला झोपवायला. अध्यक्षांचं मत दाढीवाल्यांच्या शेवटच्या भागाला होतं. त्या आवाजात ड्रिलिंग करून घेता येईल, कुणाला कळणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. चर्चा तासभर चालली. मतदान झालं, बरोबरी झाली, पुन्हा झालं, पुन्हा बरोबरी झाली. शेवटी सगळ्यांचा मान राखणारा तोडगा निघाला. पहिला भाग विगवाल्यांचा, दुसरा विस्कटलेल्यांचा, तिसरा दाढीवाल्यांचा. ठराव एकमताने मंजूर झाला. निरीक्षकांचा विरोध होता, पण ते संबंधित पक्ष असल्यामुळे त्यांचं मत धरण्यात आलं नाही.

“असं नाही चालत हो,” निरीक्षक म्हणत राहिले. “ते तिघे वेगवेगळे आहेत. मधे शंभर वर्षं गेलीयत.”

“आमची इमारत बघा ना,” अध्यक्ष म्हणाले. “खालचे दोन मजले आधीचे, वरचे नंतरचे, गच्चीवरची खोली कुणाची तेच माहीत नाही. उभी आहे ना?”

लिफ्ट-निरीक्षक या नात्याने निरीक्षकांना या विधानावर बरंच बोलता आलं असतं. पण ते थकले होते.

बाईंनी ठराव ऐकला. मग उठून त्यांनी भिंतीवरच्या तिन्ही तसबिरी सरळ होत्या त्या पुन्हा सरळ केल्या.

“तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?”

“म्हणालो. पण बहुमत होतं.”

“तुम्हाला स्वतःला कुठला हवाय?”

निरीक्षकांनी प्रामाणिकपणे शोध घेतला. दाढीवाल्यांचा त्यांना हवा होता तो शोभेल म्हणून. विगवाल्यांचा नको होता तो शोभणार नाही म्हणून. विस्कटलेल्यांबद्दल त्यांना काहीच मत नव्हतं. एखाद्या बंद खोलीत कुणी राहत असेल म्हणून दार ठोठावावं आणि आतून ओ येऊ नये, तसं त्यांना झालं.

“एकदा माझ्या भावाला विचारा,” बाई शेवटी म्हणाल्या. “ऑर्केस्ट्रा शेवटी त्याचा आहे.”

बाईंचे धाकटे भाऊ दातांचे डॉक्टर होते आणि डॉक्टरांचा ऑर्केस्ट्रा तेच चालवत. म्हणजे समोर उभं राहून हात हलवत. दवाखान्यात त्यांच्याशी नुसतं बोलता येत नाही, हे निरीक्षकांना तिथे गेल्यावर कळलं. बोलणाऱ्याने खुर्चीत बसायचं, असा तिथला शिरस्ता होता. निरीक्षक बसले, खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला.

“मोठं उघडा. हां. ताईने सांगितलंय मला. तर, कुठला म्हणता?”

निरीक्षकांच्या तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी होती. त्यांनी भुवया वर केल्या.

“विगवाल्यांचा? नको हो. त्यात आम्हाला काम काय? तुम्ही बोलणार, आम्ही माना डोलावणार. दाढीवाल्यांचा म्हणाल तर चार हॉर्न वाजवणारे लागतात. आमच्याकडे दोन. त्यातले एक बाळंतपणाचे डॉक्टर. ते येतात, पण कार्यक्रम संपेपर्यंत थांबतील याची खात्री कुणी द्यायची? हे इथे दुखतं?”

निरीक्षकांनी नाही अशी भुवई केली.

“दुखेल. तुम्ही विस्कटलेल्यांचा घ्या. सुरुवातीला तीन-साडेतीन मिनिटं आम्हीच वाजवतो, तुम्ही नुसतं बसायचं. आमची माणसं दिवसभर पेशंट बघून येतात हो, त्यांना जरा वाजवायला मिळायला नको? गेल्या वर्षी एक मुलगा आला, बसला आणि लगेच सुरू. साठी उलटलेले भूलतज्ज्ञ आहेत आमच्या चेलोवर, ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पटतंय ना?”

निरीक्षकांनी घशातून एक आवाज काढला. त्यात इमारतीचा ठराव, वहिनींचं बाळ आणि स्वतःचा स्वाभिमान या सगळ्यांचा उल्लेख होता.

“छान. तोंड धुवून घ्या,” डॉक्टर म्हणाले.

निरीक्षक बाहेर पडले तेव्हा त्यांचा कॉन्चेर्टो ठरला होता आणि एक दाढ भरली गेली होती. दोन्हींची त्यांनी मागणी केली नव्हती.

आता प्रश्न ठरावाचा होता. मंजूर ठराव बदलायचा तर विशेष बैठक लागते, तिची आधी सूचना लागते, सूचनेवर हरकती मागवाव्या लागतात. अध्यक्षांनी हे सगळं दुकानात, एका ग्राहकाला मिक्सर-नळ दाखवता दाखवता ऐकवलं. प्राचार्य तिथेच वॉशर घ्यायला आले होते.

“पण साहेब, याची सुरुवात वेगळी आहे,” निरीक्षक काकुळतीला येऊन म्हणाले. भरलेल्या दाढेमुळे त्यांचा एक गाल अजून झोपलेला होता. “सुरुवातीला पियानो नाहीच. ऑर्केस्ट्रा वाजत असतो, पियानोवाला गप्प असतो.”

प्राचार्यांनी वॉशर खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही पियानोसमोर बसणार.”

“हो.”

“आणि वाजवणार नाही.”

“सुरुवातीला नाही. पण तेच अवघड आहे. नेमक्या क्षणी आत शिरता आलं पाहिजे, त्यासाठी ती सगळी सुरुवात कानात पक्की बसावी लागते. ते हेडफोन लावून करावं लागेल.”

“याला किती दिवस लागतील?”

“सांगता येत नाही.”

“घाई करू नका,” प्राचार्य म्हणाले. इतक्या मायेने ते निरीक्षकांशी पूर्वी कधीच बोलले नव्हते. “पाया पक्का झाला पाहिजे. मी शिक्षक होतो, मला माहितीये.”

दुरुस्ती तिथेच, मिक्सर-नळाच्या साक्षीने मंजूर झाली. हरकती मागवायचं कुणाला सुचलं नाही.

आणि निरीक्षकांचा गप्प बसण्याचा रियाज सुरू झाला. बाईंनी पहिली दोन पानं बोटांत बसवून घेतली होतीच. पियानो आत शिरतो तो खालून वर जाणाऱ्या सुरांच्या तीन सरळ जिन्यांनी, एकामागून एक, आणि ते निरीक्षकांना चटकन जमले. रिकामी लिफ्ट तीनदा तळापासून वरपर्यंत नेऊन बघायची, हे त्यांचं रोजचंच काम. भीती होती ती आधीच्या साडेतीन मिनिटांची. रोज ऑफिसातून आले की ते पियानोसमोर बसत, कानांना हेडफोन लावत आणि काहीही करत नसत. हेडफोन जुना होता. त्यातून ऑर्केस्ट्रा काडेपेटीत कोंडल्यासारखा यायचा, पण वाट मोजायला तेवढा पुरे होता.

वाजवताना चेहऱ्याचं काय करायचं हे माणसाला ठाऊक असतं. न वाजवताना त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. निरीक्षकांनी गंभीर चेहरा करून पाहिला.

“असे बसू नका,” बायको म्हणाली. “रिपोर्ट चांगला आला नाही असं वाटतं.”

त्यांनी किंचित हसून पाहिलं.

“आता विमा विकायला आल्यासारखे दिसताय.”

“मग कसा बसू?”

“मला काय विचारता? मी कधी रिकामी बसलेय?”

इमारतीत मात्र आनंदीआनंद होता. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ‘मस्त चाललंय हं’ म्हणून जायचा. प्राचार्य दुपारी झोपायला लागले. वहिनींच्या बाळाचं वजन वाढलं. एका संध्याकाळी निरीक्षकांनी चुकून ते तीन जिने मोठ्याने वाजवले, तर खालून दांडक्याने छत ठोकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ प्राचार्य स्वतः वर येऊन म्हणाले, “पाया, पाया. आधी पाया.”

तालमीचा दिवस उजाडला. तालीम एका मोठ्या रुग्णालयाच्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये होती. भिंतीवर माणसाच्या पचनसंस्थेचं छतापर्यंत पोचणारं रंगीत चित्र होतं, आणि पियानो बरोबर जठराखाली ठेवलेला. चाळीसएक डॉक्टर वाद्यं घेऊन बसले होते. प्रत्येकाच्या नोटेशनच्या स्टँडवर पानांशेजारी मोबाइल होता. ट्रम्पेटवर कान-नाक-घसावाले होते, नगाऱ्यांवर हाडांचे डॉक्टर. दोन्ही नेमणुका आपोआप झाल्यासारख्या वाटत होत्या. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या, त्यांच्या एका बाजूला निरीक्षकांची बायको आणि दुसऱ्या बाजूला दोन वेण्यांवाली. तिचं पुस्तक तिच्या मांडीवर होतं आणि पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते. ती अगदी निवांत होती.

निरीक्षक स्टुलावर बसले. चेहऱ्याचं आयत्या वेळी जे झालं ते झालं. दातांच्या डॉक्टरांनी काडी उचलली.

सुरुवात अगदी हलकी होती. तंतुवाद्यं सगळी मिळून काहीतरी कुजबुजली. निरीक्षकांनी मनात मोजायला सुरुवात केली, आणि मग त्यांच्या डाव्या हाताला, अगदी कोपरापाशी, खर्जातले चेलो वाजायला लागले.

हेडफोनमध्ये हे नव्हतं. निरीक्षकांना ते चेलो कानाने नाही, स्टुलाच्या पायांतून ऐकू आले. मग मागून व्हायोलिनं उठली, उजवीकडून फुंकणारे आले, हाडांच्या डॉक्टरांनी नगाऱ्यावर हलकेच दार ठोठावल्यासारखं केलं, आणि इतकी वर्षं एका खोलीत भिंतीकडे तोंड करून एकट्याने वाजवणारा हा माणूस चहूबाजूंनी वेढला गेला. मोजणं कुठल्या तरी मजल्यावर अडकलं. कुणाचा तरी मोबाइल थरथरला, दोन व्हायोलिनवाले उठून वाकत वाकत बाहेर गेले, एक परत आला आणि नेमक्या जागी पुन्हा वाजवायला लागला. हे सगळं निरीक्षकांनी पाहिलं, आणि त्यांना ते फार सुंदर वाटलं. मग सगळे एकदम मोठ्याने, ठासून, काहीतरी म्हणाले आणि थांबले.

हॉल शांत झाला.

“तुम्ही,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“काय?” निरीक्षक म्हणाले.

“तुम्ही यायचं होतं.”

निरीक्षकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “सॉरी. पुन्हा.”

पुन्हा सुरू झालं. पुन्हा ते चेलो आले, आणि पुन्हा निरीक्षक हात मांडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून, थांबेपर्यंत बसून राहिले. तिसऱ्या वेळी बाईंनी डोळे मिटून घेतले. दोन वेण्यांवाली खुर्चीच्या कडेला सरकली.

“अडचण काय आहे नेमकी?” डॉक्टरांनी काडी खाली ठेवून विचारलं. “येतंय ना वाजवता?”

“येतंय. पण मी ऐकत होतो.”

“काय ऐकत होता?”

“तुम्हाला.”

ऑर्केस्ट्रात हालचाल झाली. दुसऱ्या व्हायोलिनवरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी शेजारणीकडे पाहिलं. “आम्हाला?” त्या म्हणाल्या.

“हो. विशेषतः ते,” निरीक्षकांनी चेलोंकडे बोट केलं, “ते सुरुवातीला येतं ना. तिथे मी मोजायचंच विसरतो.”

साठी उलटलेले भूलतज्ज्ञ चेलोवरून वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. “माझ्यासमोर बसून जागा राहिलेला हा पहिलाच माणूस,” ते शेजाऱ्याला म्हणाले.

दातांच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “असं करू या. विगवाल्यांचा घ्या तुम्ही. सुरुवात छोटी आहे, मी आत यायच्या वेळी खूण करीन. आमच्याकडे पानं आहेत. नाहीतर मग ही मुलगी आलीच आहे.”

बाईंनी मान हलवली. बायकोने दोन्ही हातांनी पर्स धरली. समजूतदार माणसाने हो म्हणावं अशीच ही सूचना होती, आणि निरीक्षक जन्मभर अशाच सूचनांना हो म्हणत आले होते. त्यांनी तोंड उघडलं. या वेळी त्यात कापूस नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. “हाच.”

“अहो, पण तुम्हाला जमत नाहीये.”

“ते खरंय. पण याच्यात तुम्ही जास्त आहात.”

मग भूलतज्ज्ञांनी खुर्ची पुढे ओढली. “त्याच्यासाठी आपण पुन्हा वाजवू या,” ते म्हणाले. “आणि या वेळी नीट. मघाशी मी तिसऱ्या ओळीत ढकलून नेलं होतं.”

“मीपण,” ट्रम्पेट म्हणाला.

“मोबाइल बंद करा रे,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि बाळंतपणाचे डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांनी ते केले. दोन वेण्यांवालीने पुस्तक पिशवीत घातलं आणि ऐकायला बसली.

चौथ्यांदा सुरुवात झाली. आता ते निरीक्षकांना ऐकवण्यासाठीच वाजवत होते, हे भिंतीवरच्या जठरालासुद्धा कळलं असतं. निरीक्षकांनी मोजण्याचा नाद सोडला. ते नुसते ऐकत राहिले, सुरुवातीपासून त्या शेवटच्या ठासून म्हणण्यापर्यंत. मग सगळं थांबलं.

कुणी ‘तुम्ही’ म्हणालं नाही. दातांचे डॉक्टर काडी वर धरून उभे होते. चाळीस डोकी निरीक्षकांकडे वळलेली होती. हृदयवाले, किडनीवाले, डोळेवाले, हाडवाले, सगळे आपापली हत्यारं हवेत धरून, श्वाससुद्धा जपून घेत, त्यांची वाट बघत होते.

निरीक्षकांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. या प्रत्येकाच्या दारात, कधी स्वतःसाठी, कधी आईसाठी, कधी बायकोसाठी, ते तासन्‌तास बाकावर बसलेले होते. जुनी मासिकं उलटसुलट वाचली होती, आत कोण गेलं आणि कोण घुसलं याचा हिशोब ठेवला होता, आणि डॉक्टर आत्ता येतीलच हे वाक्य ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच बाकाची दिशा फिरली होती.

त्यांना घाम फुटायला हवा होता, पण फुटला नाही. त्यांनी स्टूल जरा पुढे घेतलं. पटलं नाही म्हणून पुन्हा थोडं मागे घेतलं. शर्टाच्या बाहीचं बटण लावलेलंच होतं, ते काढून पुन्हा लावलं. बसू देत जरा, असं त्यांच्या मनात आलं.

मग, आपला नंबर आपणच पुकारल्यासारखे, त्यांनी दोन्ही हात उचलले.